उत्तरेला पाठ

डुलकी लागायला शशिकांत उपळेकरला जागा लागत नाही, हवं तर त्याच्या बायकोला विचारा. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं ठेवून, हा माणूस घोरलेला आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पेंगलेला आहे. पण आज नाही. आज सकाळचा एवढा एक तास त्याने डोळे उघडे ठेवायचेत, बाकी काही म्हणजे काही करायचं नाही, आणि नेमक्या ह्याच तासाला, तांबड्या खडकाला पाठ टेकून कोवळ्या उन्हात बसल्यावर, त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्यात.

ऑक्टोबरचे पहिले दिवस आहेत आणि हे अमेरिकेतल्या युटाचं वाळवंट आहे. झाडं म्हणाल तर खाली कोरड्या ओढ्याच्या काठाला चार-दोन, पानं पिवळी पडलेली. बाकी जिकडे बघावं तिकडे तांबडा खडक, आणि त्या खडकाला पाण्याने कापून कापून पाडलेल्या फटी. इंग्रजीत त्यांना काही का म्हणेनात, दिगूने पहिल्याच दिवशी त्यांना नाव ठेवलं होतं, बोळ. "आमच्या बार्शीत आहेत की असले बोळ, शश्या. फक्त इथे म्हशी आडव्या येत नाहीत." खरंच बोळच ते. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वर शंभर-दीडशे फूट दगड, आणि त्याच्याही वर आभाळाची एक चिंधी. सकाळचा उजेड ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर पडत खाली उतरतो तेव्हा दगड आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यासाठी कुठून कुठून फोटोवाले येतात.

येतात आणि मरतातही. कारण इथे पाऊस पडावाच लागत नाही. उत्तरेला वीस मैलांवर डोंगरमाथ्यावर पडला तरी पुरतो. हा खडक पाणी पीत नाही. वरचं सगळं पाणी गोळा होतं आणि बोळात शिरतं, आणि आतल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हाही निळंशार आभाळ असतं. म्हणून बोळाच्या वर, कड्यावर, एक माणूस बसवावा लागतो. वरच्याने उत्तरेकडे बघायचं आणि शिट्टी द्यायची.

ही शिट्टीची पद्धत दिगूची. दिगंबर मोहोळकरचे वडील बार्शी डेपोला कंडक्टर होते आणि दिगूचं अर्धं बालपण एसटीच्या मागच्या बाकावर गेलेलं. त्यामुळे नियम एसटीचाच. एक बेल, थांब. दोन बेल, जाऊ दे. बेलीच्या जागी शिट्टी, एवढाच फरक. खालच्याने बोळाच्या तोंडाशी थांबायचं. वरच्याने उत्तर दिशा बघायची, आभाळ साफ असलं तर डबल द्यायची, मगच खालचा आत शिरणार. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, पुन्हा डबल. खालच्याने जे ऐकलं तेच परत वाजवायचं, म्हणजे पोचलं. आणि वरून श्वास संपेपर्यंत लांबच लांब वाजली, तर असशील तिथून वर चढ, कॅमेरा गेला खड्ड्यात. फिनिक्सला एकाच कंपनीत नोकरी करणाऱ्या ह्या दोन मराठी माणसांनी वीस वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, असंच काम केलं. कुणाला ओरखडा उठला नाही.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी दिगू आत होता आणि शशिकांत वर. पाणी आलं. दिगू दोन दिवसांनी सापडला, सात मैल खाली, ओंडक्यांच्या ढिगात.

आज खाली दिगूची मुलगी आहे. केतकी, पंचवीस वर्षांची, बापासारखीच हट्टी, आणि बापासारखीच चालताना डावा पाय जरा बाहेर फेकणारी. दिगूच्या शेवटच्या फिल्मवर बोळातली एक भिंत उमटली होती. अर्धी भिंत. उरलेली अर्धी चिखलाने खाल्लेली. ती भिंत केतकीला पुरी करायचीय, त्याच जागी उभं राहून, त्याच महिन्यात, त्याच वेळेला. "वर तुम्हीच हवेत, शशीकाका," ती फोनवर म्हणाली होती. "बाबा दुसऱ्या कुणाच्या शिट्टीवर आत गेले असते का?"

आता ह्याच्यावर माणसाने काय बोलावं? शशिकांत "बरं" म्हणाला. दिगूची बायको, नलूवहिनी, तेवढ्या म्हणाल्या, "पितृपक्ष चालू आहे, आत्ताच कशाला?" पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललंय? हवामानवाल्यांनी दहा टक्के म्हटलं होतं, आणि दहा टक्के म्हणजे इथे काहीच नाही. काल दिवसभर गाडी चालवली, पहाटे चारला उठून मोटेलची ती पाणचट कॉफी प्याली, आणि उजाडताना दोघं कड्यावर पोचले.

"डबल मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही," तो तिला म्हणाला होता.

"काका, बाबांनी मला बाराखडीच्या आधी हे शिकवलंय," ती हसली होती आणि आजोबांची लोखंडी शिट्टी गळ्यात घालून खाली उतरायला लागली होती. तीच शिट्टी. दिगूच्या खिशात सापडलेली.

तोंडाशी पोचायला तिला वीस मिनिटं लागतील. शशिकांतच्या गळ्यात स्वतःची नारिंगी प्लास्टिकची शिट्टी आहे. शेजारी तिपाईवर त्याचा जुना मोठा कॅमेरा उभा आहे, दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून. आणायचा नव्हता खरं तर. पण आणला नसता तर केतकीने विचारलं असतं, का नाही आणला. त्याने मघाशीच उत्तरेला बघून घेतलंय. निळं आहे, स्वच्छ आहे. ती पोचली की पुन्हा बघू आणि मग देऊ. ऊन टोचतंय म्हणून तो डोळे मिटतो. नुसतं उन्हासाठी.

ऊन जातं.

त्याच्या डोक्यावर काळं फडकं आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे काच असते, फडक्यात डोकं घालून त्या काचेत बघावं लागतं, आणि तिच्यावर जग उलटं पडतं: आभाळ खाली, जमीन वर. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही. काचेवर दक्षिणेची भिंत आहे आणि भिंतीच्या कडेकडेने एक माणूस चालत येतोय, डोकं खाली, पाय वर. डावा पाय जरा बाहेर फेकून.

"दिगू, उलटा काय चालतोयस?"

"मी सरळच चालतोय. तू फडक्यातून डोकं काढ."

"थांब, फोकस होतोय."

"शश्या, डोकं काढ बाहेर."

शशिकांत काढत नाही. फडक्याच्या आत उबदार आहे, पण वास ओल्या मातीचा येतोय, आणि कुठेतरी अगदी जवळ काहीतरी ठिबकतंय. त्याला भीती वाटते. मेलेल्या मित्राची नव्हे, दिगूची कसली भीती! फडकं काढल्यावर आपल्या पाठीमागे काय असेल, त्याची. तो काचेला आणखी डोळा लावतो. काचेवरचा दिगू मोठा होत होत पूर्ण काच व्यापतो आणि फडकं कुणीतरी बाहेरून ओढतं.

एसटी आहे. शशिकांत खिडकीशी बसलाय. बाहेर बार्शीचा स्टँड आहे. शशिकांत मूळचा नाशिकचा, जन्मात बार्शीला गेलेला नाही, पण हा बार्शीचाच स्टँड, त्यात त्याला शंकाच येत नाही. गाडी खचाखच भरलीय आणि कुणी बोलत नाहीये. दिगू गळ्यात कंडक्टरची कातडी पिशवी अडकवून गर्दीतून येतोय. अंगात त्या दिवशीचंच निळं जाकीट. जाकिटाच्या बाहीतून तांबडं पाणी गळतंय, आणि तो ज्याच्या ज्याच्या शेजारून जातो तो माणूस पाय वर उचलून घेतोय.

"बरा आहेस ना रे?" शशिकांत विचारतो. दुसरं काय विचारणार?

"ओला आहे," दिगू म्हणतो. "काही केल्या वाळतच नाही बघ. तिकीट?"

"तुझ्याकडे मी कसलं तिकीट काढू?"

"कुठं जायचंय?"

"आत."

"आतलं मी एकट्याचंच काढलेलं," दिगू म्हणतो. "पुढं सरका, पुढं सरका."

शशिकांतला एकदम रडू येतं. सहा वर्षांत ह्या माणसासारखं कुणी त्याला शश्या म्हटलेलं नाही. त्याला दिगूचा हात धरावासा वाटतो, बस की रे जरा शेजारी, म्हणावंसं वाटतं. पण हात धरायला गेलं तर हाताला नुसता गाळ लागतो, गार, बारीक, बोटांतून निसटणारा. तो घाईघाईने हात विजारीला पुसतो आणि उतरायला म्हणून दाराकडे जातो.

दार नलूवहिनींच्या हॉलचं आहे. फिनिक्सचं त्यांचं घर. सोफा, कोपऱ्यातला टीव्ही, आणि समोरच्या भिंतीवर तो फोटो.

त्या फोटोचं सांगायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी त्या सकाळी शशिकांत वर बसला होता आणि समोर ही दक्षिणेची भिंत होती. तिचं तोंड उत्तरेला. ऑक्टोबरात तिच्यावर ऊन कधीच येत नाही, दिवसभर सावलीत असते बिचारी. त्या सकाळी ती तांब्याच्या घंगाळासारखी झळाळायला लागली. असला उजेड शशिकांतने वीस वर्षांत बघितला नव्हता. त्याने फडक्यात डोकं घातलं. पंधरा मिनिटं भरली तेव्हा तो फडक्यातच होता, काचेवरून नजर हलवायला तयार नव्हता, तशीच शिट्टी तोंडात धरली आणि डबल देऊन टाकली. खालून दिगूने डबल परत दिली. सावलीतल्या भिंतीला उजेड आला कुठून, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. उत्तरेला, त्याच्या पाठीमागे, डोंगराएवढा काळा ढग उभा राहिला होता आणि पूर्वेचं ऊन त्या ढगाच्या कुशीवर आपटून भिंतीवर पडत होतं.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. "ढग एकदम आला," असं पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं, वहिनींना सांगितलं. फोटो मात्र असा उतरला की लोकांनी कॅलेंडरवर छापला. आणि नलूवहिनींनी तो मागून घेतला. रोज त्याच्यासमोर फूल ठेवतात. "ह्यांनी शेवटचं बघितलं ते हेच," असं आल्यागेल्याला सांगतात. शशिकांत त्यांच्याकडे जेवायला जातो तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

आत्ताही नलूवहिनी फोटोखाली उभ्या आहेत, हातात कण्हेरीचं फूल.

"शशीभावजी," त्या म्हणतात, "फ्रेम गळतेय हो."

खरंच गळतेय. फ्रेमच्या खालच्या कडेने तांबडं पाणी झिरपतंय आणि पांढऱ्या भिंतीवरून सरळ ओघळ खाली येतोय. वहिनी पदराने पुसतात. तो पुन्हा येतो.

"उजेड झकास आलाय," दिगू त्याच्या कानाशी म्हणतो. तो कधी आला कळलंच नाही. "कुठून आला रे?"

"भिंतीवर पडला."

"पडला ते दिसतंय. आला कुठून?"

"दिगू, वहिनी आहेत इथे. नंतर बोलू."

"तिला नाही ऐकू येत. तू तिला काही सांगितलंच नाहीस, तर ऐकू काय येणार?" दिगू रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं शशिकांतला वाटतं. "भिंतीचं तोंड उत्तरेला. सूर्य पूर्वेला. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. उजेड कुठून आला, शश्या?"

"गाडी सुटायची वेळ झाली," शशिकांत म्हणतो.

आणि गाडीची वेळ झालेलीच असते. इंजिन घरघरतंय. तो दाराच्या पायरीवर उभा आहे आणि कंडक्टरची पिशवी आता त्याच्या गळ्यात आहे, जड, पाणी भरलेली. बेलीची दोरी त्याच्या डोक्यावरून गेलीय. पुढच्या काचेतून रस्ता दिसतोय. रस्त्याच्या मधोमध केतकी उभी आहे, पाठमोरी, बापाचा कॅमेरा खांद्यावर घेऊन. तिच्यापुढे स्टँड संपतो आणि बोळ सुरू होतो, काळाभोर. ती हलत नाहीये. ती थांबलीय, बेलीसाठी.

"अहो कंडक्टर, झोपलात का?" मागून कुणीतरी ओरडतं.

"द्या की डबल! किती वेळ?"

"पोरगी ताटकळलीय बिचारी!"

सगळी गाडी ओरडायला लागते. त्यात नलूवहिनींचाही आवाज आहे. एकटा दिगू ओरडत नाही. तो मागच्या बाकावर, लहानपणीच्या जागेवर बसलाय आणि शशिकांतकडे बघतोय. आता तो विचारणार. शशिकांतला माहीत आहे तो काय विचारणार, आणि काहीही झालं तरी ते विचारायला नको आहे. दिगूचे ओठ हलतात. त्याआधीच शशिकांत दोरीला हात घालतो. दोरीच्या टोकाला नारिंगी शिट्टी आहे. तो ती दातांत धरतो आणि देतो. एक. दोन.

पुढे केतकी दोनदा शिट्टी वाजवते आणि बोळात शिरते. तिची टोपी दिसते, मग टोपीही दिसत नाही.

गाडी हलते. भिंती जवळ येतात, दोन्ही बाजूंनी पत्रा खरवडत येतात. खिडक्यांत दगडाशिवाय काही नाही. गाडीच्या तळाला पाणी आलंय. आधी चपला तरंगतात, मग एक जेवणाचा डबा, मग कण्हेरीचं फूल. घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत. प्रवासी गप्प झालेत. ते सगळे मान खाली घालून आपापल्या मांडीवर चढणारं पाणी बघतायत.

दिगू उठून त्याच्यापाशी येतो.

"बघून दिलीस?"

"हो."

"शश्या."

"हो म्हणतोय ना! बघून दिली. निळं होतं. साफ होतं."

"सहा वर्षं हेच म्हणतोयस. मला काही नाही रे, मी ओलाच आहे." दिगूचा आवाज पहिल्यांदा कापतो. "पण आत्ता आत कोण आहे?"

शशिकांत समोर बघतो, काळ्या बोळाकडे, हट्टाने बघत राहतो. मग दिगूचा हात त्याच्या जबड्यावर येतो. चार बोटं एका गालावर, अंगठा दुसऱ्या. गार, इतका गार की दात दुखतात. हात त्याचं तोंड मागे वळवायला लागतो. शशिकांत मान ताठ धरतो, सगळा जोर लावतो. मानेत काहीतरी करकरतं. हात थांबत नाही. थोडं वळतं. आणखी थोडं. खिडक्या सरकतात, प्रवासी सरकतात, दिगूचा चेहरा सरकतो, त्याच्या डोळ्यांच्या खाचांत वाळू आहे, आणि मग गाडीची मागची काच येते.

काचेत आभाळ आहे. अख्खं काळं.

"नाही बघितलं!" शशिकांत ओरडतो. "नाही बघितलं, दिगू, नाही बघितलं!"

तो जागा होतो.

शिट्टी त्याच्या तोंडात आहे. दातांत घट्ट धरलेली. कड्यांवरून काहीतरी विरत विरत जातंय, आणि तो काय आवाज आहे हे त्याला कळायला अर्धा क्षण लागतो. शिट्टीचा आवाज. त्याच्याच शिट्टीचा, झोपेत पुन्हा दिलेल्या. आणि खालून, बोळाच्या तोंडापासून नव्हे, आतून, लोखंडी शिट्टी उत्तर देतेय. एक. दोन.

त्याचं तोंड उत्तरेकडे वळलेलं आहे. खडकाला टेकून दक्षिणेकडे बघत बसलेल्या माणसाची मान झोपेत एवढी वळत नाही, पण ती वळलेली आहे आणि ठणकतेय. उत्तरेला ढग आहे. दहा टक्केवाला ढग, तळाला शाईसारखा, आणि उन्हाची बाजू तांब्याच्या रंगाची. त्याच्या तळापासून डोंगरापर्यंत करडा पडदा सुटलाय. पाऊस. कधीपासून पडतोय कोण जाणे.

समोरची भिंत पेटलीय. कॅमेरा तिच्याकडे तोंड करून उभा आहे. आणि खोटं कशाला सांगा, ह्या माणसाची नजर, अशा वेळीसुद्धा, एवढ्या एवढ्या क्षणापुरती काचेकडे जाते. मग त्याला स्वतःची इतकी किळस येते की तो तिपाईला लाथ घालतो. कॅमेरा दगडावर आडवा पडतो, काच फुटते.

तो कड्याच्या टोकाशी धावतो आणि शिट्टी वाजवायला लागतो. लांब. श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा श्वास भरून. खालून काही नाही. पुन्हा. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आत आवाज पोचतो का, भिंतींत घुमून त्याचे दोन होतात का, तिला एक लांब ऐकू येते की तुकडे, काही काही कळायला मार्ग नाही. मधे एकदा त्याची शिट्टी थांबते तेव्हा दुसरा एक आवाज ऐकू येतो. उत्तरेकडून, जमिनीतून, जड सामानाने भरलेला ट्रक खडीवरून यावा तसा.

"केतकी!" तो ओरडतो. आणि मग शिट्टी. आणि शिट्टी.

बोळाच्या तोंडातून टोपी बाहेर येते.

ती वर बघत नाही. थांबत नाही. बापाच्या शिकवणीप्रमाणे कॅमेरा तिथेच टाकते आणि उजव्या हाताच्या घसरड्या उतारावर चार पायांनी चढायला लागते. दहा फूट. घसरते. पुन्हा दहा. शशिकांत शिट्टी थांबवत नाही, जणू त्या आवाजाच्याच दोरीने तो तिला वर ओढतोय. ती वीस-पंचवीस फूट वर आलेली असते तेव्हा बोळ तांबडं पाणी ओकतो. पाणी म्हणायचं म्हणून पाणी. त्यात ओंडके आहेत, धोंडे आहेत, मुळांसकट उपटलेलं पिवळ्या पानांचं एक झाड आहे. ते तिच्या पायाखालून जातं. टाकलेला कॅमेरा होता तिथे आता काही नाही.

वर यायला तिला बराच वेळ लागतो. शशिकांत अर्ध्या वाटेत उतरून तिला हात देतो. दोघं कड्यावर येऊन खाली बसतात. तिचे तळहात सोलवटलेत, गुडघा फुटलाय.

"काका," तिला धाप लागलीय, "तुम्ही डबल दिलीत. मी थांबले होते. किती वेळ थांबले होते. डबल आली म्हणूनच गेले ना मी."

"हो. दिली."

"मग?"

"झोपेत दिली, केतकी. मला डुलकी लागली."

ती एवढंसं हसायचा प्रयत्न करते, आणि ते हसू थेट दिगूचं आहे. "असू दे," ती म्हणते. "काल दिवसभर तुम्हीच गाडी चालवलीत. आणि उठलात की वेळेवर. तुम्ही उठला नसतात तर... असू दे हो, काका. होतं असं."

आणि मग ती पुढे वाकते. "तुमच्या गालाला काय लागलंय?"

तो हात लावतो. गार लागतं. हात बघतो तर बोटांवर तांबडा गाळ, ओला, मऊ. इथे वर महिनाभर पाण्याचा थेंब पडलेला नाही, त्याची बाटलीसुद्धा अजून उघडलेली नाही, आणि खाली पाण्याशी तो गेलेला नाही. केतकी त्याच्या चेहऱ्यापाशी हात नेते, न टेकवता. एका गालावर चार रेघा आहेत. दुसऱ्या गालावर एक रुंद ठसा. ती आपली चार बोटं त्या चार रेघांसमोर धरून बघते आणि हात मागे घेते.

"कुणी धरलं होतं तुम्हाला?" ती हळूच विचारते.

आत्तासुद्धा गप्प बसता येईल. होतं असं, म्हणालीय ती. कुणी काही विचारणार नाही. परत जाऊन नलूवहिनींच्या हातचं जेवता येईल, फोटोकडे पाठ करून.

"केतकी, मी तेव्हाही न बघताच दिली होती," शशिकांत म्हणतो. "बाबांच्या वेळेला. फडक्यात डोकं होतं माझं. फोटो काढत होतो, तुमच्या हॉलमधला. उत्तरेकडे मी बघितलंच नाही." तो थांबत नाही, थांबला तर पुन्हा कधी बोलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. "आणि तेव्हा मी जागा होतो."

खाली पाणी गरजतंय. केतकीच्या चेहऱ्यावरचं ते दिगूचं हसू केव्हाच गेलंय.

मग ती उठते, त्याच्यासमोर येते, आणि त्याच्या गळ्यातली दोरी डोक्यावरून काढून घेते. नारिंगी शिट्टी खिशात टाकते. आणि त्याच्याकडे पाठ करून, उत्तरेकडे तोंड करून, कड्यावर बसते.